परदेशातला खाऊ किलोला कितीला पडतो?

फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर चिरंजीवांनी यादी लिहिली होती: ड्रोन, मोठ्ठी लेगो, बर्फ पडणारा काचेचा गोळा. खाली धाकटीनं लिहिता येत नाही म्हणून पांडा काढला होता. त्याखाली सासूबाईंच्या अक्षरात 'बाम'. आणि सगळ्यात खाली, पेन्सिलनं, नवऱ्याच्या हातचं: 'लाईन – ४० जण'.

आम्ही राहतो मोशीत. नवरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, उत्पादनाच्या लाईनवर. डिसेंबरातल्या शटडाऊनला दोन हक्काच्या रजा (पीएल) जोडून लग्नाच्या बाराव्या वर्षी पहिल्यांदा दोघंच परदेशी जायचं ठरलं. पाच रात्री, सिंगापूर. मुलं आजीपाशी. आजी बार्शीहून एसटीनं आल्या, अर्ध्या तिकिटात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना ते आहे. वल्लभनगरच्या स्टँडवर त्यांना घ्यायला गेलो तिथपासून खर्चाची वही उघडली, आणि आज ती वाचकांपुढे ठेवते आहे. सहलीच्या खर्चावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या वहीत भेटवस्तूंची पानं जास्त भरली, कारण सहल ठरल्या पैशात झाली आणि बजेट मोडलं ते खाऊनं.

आधी सहलीचा खर्च थोडक्यात, कारण पुढचं गणित त्यावर उभं आहे. दोघांचं पॅकेज १,६०,००० रुपयांचं, त्यावर पाच टक्के जीएसटी म्हणजे ८,०००. मग येतो टीसीएस. आम्ही पैसे भरले तेव्हा दहा लाखांपर्यंतच्या पॅकेजवर तो पाच टक्के होता. एप्रिल २०२६ पासून रकमेची अट काढून सरसकट दोन टक्के केला आहे. म्हणजे ज्यासाठी आमचे ८,४०० अडकले त्यासाठी तुमचे साधारण ३,४०० अडकतील. 'अडकतील' असं मुद्दाम म्हणते, कारण हा खर्च नव्हे. हा तुमच्याच नावावर आगाऊ जमा झालेला आयकर. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, आणि पगारदार माणसाला तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून कंपनीला कळवून महिन्याच्या टीडीएसमधूनही कमी करून घेता येतो. आमच्या ओळखीतल्या दोघांनी ही रक्कम 'ट्रॅव्हलवाल्यानं लावली' म्हणून सोडून दिली. फॉर्म २६एएस उघडून पाहायचे कष्ट घेतले असते तर मुलांच्या दोन वर्षांच्या वह्या सुटल्या असत्या. विमानाचं तिकीट आणि हॉटेल वेगवेगळं स्वतः काढलं तर ते पॅकेज ठरत नाही आणि हा टीसीएसही लागत नाही. पण पहिल्याच खेपेला तेवढा धीर आमच्यात नव्हता.

पासपोर्टचे माणशी १,५०० (छत्तीस पानी, साठ पानीला २,०००, आणि तत्काळ हवा तर वर आणखी २,०००), शिवाय मुंढव्याच्या केंद्रावर एक खाडा. सिंगापूरच्या व्हिसाची सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, अर्ज अधिकृत एजंटामार्फत भरावा लागतो आणि एजंटाचे वेगळे. तिथं पोचण्याआधी तीन दिवसांत भरायचं 'एसजी अरायव्हल कार्ड' मात्र फुकट असतं. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं शोधात सगळ्यात वर दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. मोशीहून मुंबई विमानतळापर्यंत गाडीचे एका बाजूचे ४,००० गेले. द्रुतगती मार्गाचा टोल मोटारीला ३२० रुपये, तो भाड्यात धरला आहे की नाही हे गाडी ठरवतानाच विचारायचं. लोहगावहून काही थेट विमानं सुटतात. तारीख जुळली तर हे सात-आठ हजार आणि पहाटेची झोप दोन्ही वाचतं.

आता खाऊ.

यादीतली पहिली वस्तू पहिल्याच दिवशी खोडली. ड्रोन बाहेरून भारतात आणायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण, सुरक्षा अशा कामांपुरती सूट आहे, नऊ वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसासाठी नाही. तिथल्या दुकानात तो राजरोस मिळतो, दुकानदार छान उडवूनही दाखवतो, आणि मुंबईत कस्टम्सनं काढून घेतला की पैसेही गेले आणि मुलापुढे तोंडही गेलं. त्यामुळे हे घरातूनच समजावून निघावं. आम्ही समजावलं. त्यावर 'मग दोन लेगो' अशी मागणी आली.

बर्फाचा गोळा दिसतो निरागस, पण आत पाणी असतं. केबिन बॅगेत १०० मिलीच्या वर द्रव चालत नाही आणि गोळ्यावर आत किती पाणी आहे हे लिहिलेलं नसतं, त्यामुळे सुरक्षा तपासणीत तो बाजूला निघतो. चेक-इन बॅगेत टाकायचा तर कपड्यांत गुंडाळून, आणि तरी फुटला तर टी-शर्टांसकट. स्लाईम, जेल, चिकटमातीचे डबे यांचीही तीच गत. उलट पॉवर बँक, सुटे लिथियम सेल हे चेक-इनमध्ये चालत नाहीत, ते हातातल्या बॅगेतच हवेत. रिमोटच्या गाडीचा जादा सेल खोक्यात तसाच राहिला आणि खोकं चेक-इनला गेलं, तर बॅग उघडून घ्यायला तुम्हाला परत बोलावतात. खेळण्यातली बंदूक केबिनमध्ये नेण्याचा विचारही करू नये.

मग पैसे. शंभर रुपयांची वस्तू शंभरात पडत नाही, हे फॅक्टरीत कॉस्टिंग करणाऱ्यांना सांगायला नको, पण सहलीत ते आपण विसरतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी सिंगापूर डॉलर ७० रुपयांचा धरते आहे. तुम्ही तुमच्या दिवसाचा दर घाला.

बहुतेक साध्या क्रेडिट कार्डांवर परकीय चलनातल्या खरेदीला साडेतीन टक्के मार्कअप लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. मिळून ४.१३ टक्के. शंभर डॉलरच्या, म्हणजे ७,००० रुपयांच्या खरेदीवर २८९ रुपये. कमी मार्कअपची किंवा बिनमार्कअपची कार्डंही मिळतात, पण सहलीच्या आदल्या आठवड्यात अर्ज केला तर कार्ड तुम्ही परत आल्यावर घरी येतं. फॉरेक्स कार्डात आधीच डॉलर भरून नेले तर दर त्या दिवसाचा पक्का होतो. रोख चलन विकत घेताना जीएसटी अगदी किरकोळ असतो: २५,००० रुपयांच्या चलनापर्यंत ४५ रुपये. खरी मेख दरात असते. म्हणून चलन घ्यायला दोन ठिकाणी फोन करावा आणि 'कमिशन नाही' या पाटीकडे न बघता एका डॉलरला शेवटी किती रुपये द्यावे लागतील एवढंच विचारावं.

आणि एक सापळा. तिथल्या दुकानात कार्ड मशीनवर प्रश्न येतो: रुपयांत द्यायचे की डॉलरमध्ये? आपला हात आपसूक रुपयांकडे जातो, ओळखीचं वाटतं ना! तिथं रुपये निवडले की दर ते मशीनवाले ठरवतात आणि तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा बराच चढा असतो. नेहमी तिथलंच चलन निवडायचं. माझा नवरा सहा मिमीच्या बोल्टला किती टॉर्क लागतो हे झोपेत सांगेल, पण चांगी विमानतळावर कॉफी घेताना त्यानं रुपयांचं बटण दाबलंच. ती कॉफी अजून घरात निघते.

खरेदीला आम्ही सगळ्यांसारखेच लिटल इंडियात मुस्तफाला गेलो. मराठी माणूस सिंगापुरात हरवला तर तिथं सापडतो. चॉकलेट, बाम, टी-शर्ट हे तिथंच. चॉकलेटच्या मजल्यावर मी शहाणपण केलं ते एकच: निघण्याआधी पिंपरी कॅम्पात शगुन चौकाच्या आसपास फिरून, तीच तीच परदेशी चॉकलेटं आपल्याकडे कितीला मिळतात त्याचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन गेले होते. कॅम्पातले सिंधी दुकानदार असल्या मालात मुरलेले, भावाचा अंदाज तिथं पक्का मिळतो. काही पुडकी मुस्तफात स्वस्त निघाली, काही अगदी तेवढीच, आणि एकदोन तर कॅम्पातच कमी. पण हे शहाणपण अर्धवट होतं, ते का ते पुढे.

चॉकलेट घेताना शाकाहारी घरांनी एक पाहावं. आपल्याकडच्या पाकिटावर असतो तो हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण परदेशी पाकिटावर नसतो. मऊ, चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असतं आणि ते बहुधा डुकराचं किंवा गाईगुरांचं. घटकांची यादी वाचायला चष्मा लागतो. मी तिथं मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाचत होते आणि मागे रांग लागली होती.

धाकटीचा पांडा मिळाला मंडाईला. मंडई नव्हे, मंडाई, तिथलं प्राणिसंग्रहालय. तिथल्या नदीसफारीच्या भागात खरे पांडे आहेत आणि बाहेर पडायची वाट दुकानातूनच जाते. कापडी पांड्याचे ३० डॉलर. मुलगी सोबत असती तर दोन घेतले असते, हा दोघंच गेल्याचा एक फायदा. सेंटोसा बेट असो की मंडाई, अशा ठिकाणची दुकानं महागच असतात. पण ज्या वस्तूवर त्या जागेचा शिक्का आहे ती तिथंच घ्यावी, आणि जिच्यावर नाही ती तिथं मुळीच घेऊ नये. याच हिशेबानं कीचेन, मॅग्नेट, सिंहमुखी मर्लायनचे पुतळे हे सगळं चायनाटाऊनच्या पगोडा स्ट्रीटवर डझनावारी घ्यावं. तीच वस्तू मर्लायनच्या समोर तिप्पट भावात असते.

छोट्या धातूच्या गाड्यांचा मोह टाळा, निदान आमच्या भागातल्या माणसांनी तरी. साधी छोटी गाडी आपल्याकडे दोनशेच्या आसपास मिळते आणि तिथं तेवढ्यातच. मोठ्या खेळण्यांचं वेगळं. आपल्याकडे आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांचं ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, त्यामुळे मॉलमधली काही नावाजलेली खेळणी तिथं खरंच स्वस्त दिसतात. लेगोचा एक संच ६० डॉलरला घेतला, म्हणजे ४,२००. भारतातली ऑनलाइन किंमत मोबाईलवर तिथल्या तिथं पाहिली, फरक पुरेसा होता, घेतला. फरक शंभर-दोनशेचा असता तर ठेवून दिला असता, कारण खोक्यात निम्मी हवा असते आणि बॅगेत हवेलाही जागा द्यावी लागते. खोकं चपटं करून आतल्या पिशव्या तेवढ्या आणल्या तरी चालतं, फक्त सूचनांची पुस्तिका फेकू नका.

शेजारच्या इमारतीतले एक जण कंपनीच्या प्रशिक्षणाला जर्मनीला जाऊन आले. त्यांचं कोडं वेगळं होतं. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज या दोघांचेही कारखाने २००९ पासून चाकणला आहेत. वडील ज्या लाईनवर उभे राहून गाड्या सोडतात, त्याच गाडीची छोटी प्रतिकृती स्टुटगार्टहून मुलाला आणायची आणि तो सोसायटीत ती सगळ्यांना 'जर्मनीची' म्हणून दाखवणार! तिथं कर १९ टक्के, आणि एका दुकानात एका बिलावर ५० युरोंच्या वर खरेदी असेल तर परतावा मागता येतो. मात्र युरोपीय संघातून बाहेर पडायच्या शेवटच्या विमानतळावर, बॅग आत सोडण्याआधी, कस्टम्सचा शिक्का घ्यावा लागतो. फॉर्म खिशात आणि खेळणं चेक-इनमध्ये गेलेलं, असं झालं की शिक्का मिळत नाही. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे हेही जोडीनं लिहून ठेवते, नवराबायको दोघं निघाला असाल तर १८०.

सिंगापुरात कर, म्हणजे त्यांचा जीएसटी, २०२४ पासून ९ टक्के आहे आणि १०० डॉलर किंवा अधिक खरेदीवर पर्यटकाला परत मिळतो. दुकानात पासपोर्ट दाखवून बिल नोंदवून घ्यायचं, चांगीवर यंत्राशी जाऊन दावा करायचा. आमचं मुस्तफाचं बिल बरोबर १०० डॉलरचं झालं (खरं सांगायचं तर ९६ झालं होतं, चार डॉलरच्या सुपारीच्या डब्यानं भर घातली). मनात होतं ९ डॉलर मिळतील. तसं नसतं. किंमत करासकट असते, त्यामुळे शंभरातला कर ८ डॉलर २६ सेंट, आणि त्यातून परतावा देणाऱ्या संस्थेचं शुल्क कापून हातात आले सात. वाटेत फोडून खाल्लेलं पुडकं परताव्यात धरत नाहीत, म्हणून हॉटेलात चॉकलेटच्या पिशवीला गाठ मारून ठेवली. बँकॉकला हाच कर ७ टक्के आणि एका दुकानातली एका दिवसाची खरेदी किमान २,००० बाथची लागते. दुबईत ५ टक्के आणि किमान २५० दिरहॅम. बँकॉकहून बुद्धमूर्ती आणायची हौस असेल तर तिथल्या ललितकला खात्याचा परवाना लागतो. बाजारात विकायला असते म्हणून नेता येते असं नाही.

आता ते अर्धवट शहाणपण. परतीच्या दिवशी चांगीच्या काट्यावर आमच्या बॅगा तीन किलोनं जास्त भरल्या. जॅकेटं अंगावर चढवली, पांडा काखेत घेतला, पण केबिन बॅगेलाही सात किलोची मर्यादा आणि तीही भरलेली. काउंटरवरच्या मुलीनं हसून किलोला २० डॉलर सांगितले. ६० डॉलर, म्हणजे ४,२०० रुपये. आणि जास्तीचं वजन होतं तरी कशाचं? बरोबर तीन किलो चॉकलेट, लाईनवरच्या चाळीस जणांचं आणि मजल्यावरच्या मुलांचं. ५५ डॉलरला, म्हणजे ३,८५० रुपयांना घेतलेलं ते चॉकलेट त्या काट्यावर ८,०५० चं झालं. किलोला २,६८० च्या वर. तेवढ्या पैशांत कॅम्पातून घेतलं असतं तर लाईनवर प्रत्येकाला दोन-दोन वेळा वाटून झालं असतं, आणि रॅपरवर परदेशी अक्षरं तीच.

तेव्हा हा पहिला नियम लिहून घ्या: वस्तू हातात घेतली की किंमत पाहायच्या आधी ती हातात तोलायची. निघतानाच हातात धरायचा लोंबता काटा विकत घ्या, तीन-चारशे रुपयांत मिळतो, हॉटेलात रात्रीच बॅग तोलता येते. जादा वजन लागणारच असेल तर ते आदल्या दिवशी ऑनलाइन विकत घ्या, विमानतळावरच्या दरापेक्षा बरंच स्वस्त पडतं. आणि जाताना बॅगेत पाच किलो जागा रिकामी सोडा. खाकरे, चकल्या आणि लाडू जाताना जी जागा घेतात ती येताना रिकामी होते हा मराठी प्रवाशांचा जुना आधार आहेच. (पॅकेजवाल्यांकडे जेवणात पोळी-भाजी असतेच, तरी आम्ही दोन किलो नेलं, संपलं नाही, परत आणलं. त्याचेही पैसे पडले असणार.)

वही अशी भरली. लेगो ६०, पांडा ३०, टी-शर्ट २०, चॉकलेट ५५, कीचेन-मॅग्नेट १०, बाम, अ‍ॅक्स ब्रँडचं औषधी तेल आणि ती सुपारी मिळून २५. एकूण २०० डॉलर, १४,००० रुपये. त्यातले १५० कार्डावर, त्यावर मार्कअप ४३४. जादा वजन ४,२००. वजा परतावा ४९०. शेवटचा आकडा १८,१४४. म्हणजे खाऊवर तीस टक्के वाढ, आणि तिच्यातलं जवळजवळ सगळं एकाच वस्तूनं खाल्लं.

कस्टम्सचं भय मात्र बहुतेकांना विनाकारण असतं. नेपाळ, भूतान, म्यानमार सोडून इतर देशांतून विमानानं येणाऱ्या रहिवाशाला २०१६ च्या नियमांनी ५०,००० रुपयांपर्यंतचा माल बिनशुल्क आणता येत होता; फेब्रुवारी २०२६ पासून ही मर्यादा ७५,००० झाली आहे. आमच्यासारख्यांचा खाऊ त्याच्या पाव भागापर्यंतही जात नाही, तेव्हा हिरव्या मार्गानं ताठ मानेनं यावं. बिलं मात्र एका पाकिटात हाताशी ठेवा, कारण बिल नसेल तर किंमत अधिकारी लावेल ती.

अडचण येते ती मोठ्या मुलांच्या मागणीत. बारावीतल्या मुलाला भारी फोन हवा असतो. दोघांची मर्यादा मिळून दीड लाख झाली, त्यात १,२०,००० चा फोन बसला, असा हिशेब लोक मांडतात. तो चुकीचा. एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही. १,२०,००० चा फोन एकाच्या नावे धरला जाणार, ७५,००० वजा जाऊन उरलेल्या ४५,००० वर शुल्क लागणार. हा दर वर्षानुवर्षं ३५ टक्के आणि त्यावरचा अधिभार मिळून ३८.५ टक्के असा चालत आला आहे, म्हणजे १७,३२५ रुपये. मग स्वस्त काय पडलं? लॅपटॉपचं निराळं: अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप या मर्यादेबाहेर मोकळा आहे.

सोन्याबद्दल तर गैरसमजाचा डोंगर आहे. 'बायकांना चाळीस ग्रॅम चालतं की' हे वाक्य मी मोशीत निदान पाच जणींकडून ऐकलं. चालतं, पण एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांना. पाच रात्री दुबईत राहून लेकीसाठी साखळी आणणाऱ्या आईबापांसाठी ती सवलत नाही. उलट इथून जाताना अंगावर ठसठशीत दागिने असतील तर जाण्याआधीच विमानतळावर कस्टम्सकडे नोंद करून दाखला घ्या, म्हणजे येताना 'हे इथलंच' हे सांगत बसावं लागत नाही. मी मंगळसूत्र आणि दोन पातळ बांगड्या सोडून सगळं बँकेत ठेवून गेले होते, सासूबाईंनी अर्थात नाक मुरडलं.

कपडे आणायचे असतील तर वय सांगून घेऊ नका. परदेशी, विशेषतः युरोपातल्या लहान मुलांच्या कपड्यांवर बहुधा उंची सेंटिमीटरमध्ये असते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं मुलांची उंची मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. बुटासाठी पाऊल वर्तमानपत्रावर ठेवून बाह्यरेषा काढा, कागद कापून सोबत न्या. नंबरच्या तक्त्यांपेक्षा तो खरा. मुलं वाढतात तेव्हा एक माप मोठं घ्या, पण दोन नको, नाहीतर वर्षभर कपाटात पडून राहतं आणि मग एकदम लहान होतं.

जपानला जाणाऱ्यांनी विजेवर चालणारं खेळणं घेताना खालचा आकडा वाचावा. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. नुसता पिनचा अडॅप्टर लावून घरी जोडलं तर पहिल्याच रात्री जळकट वास येईल. सेलवर किंवा यूएसबीवर चालणारं घ्या. सिंगापूरला ती भानगड नाही, वीज २३० चीच, फक्त पिन चौकोनी.

सासूबाईंचा बाम ही पूर्ण यादीतली सर्वांत किफायतशीर खरेदी ठरली. वाघाचा शिक्का असलेला तो बाम सिंगापूरच्याच कंपनीचा, डब्या छोट्या, वजन नगण्य, आणि त्यांनी बार्शीला परत जाताना त्यातल्या चार डब्या वाटून जो मान मिळवला तो आमच्या चॉकलेटला मिळाला नाही. तेलाच्या बाटल्या मात्र चेक-इनमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत दुहेरी गुंडाळून.

बिनवजनाच्या वस्तूंत आणखी एक: पोस्टकार्ड. तिसऱ्या दिवशी हॉटेलजवळच्या टपाल कार्यालयातून दोघा मुलांच्या नावानं एकेक कार्ड टाकलं. कार्ड आणि तिकीट मिळून दोघांचे पाच डॉलरही झाले नाहीत. ती आमच्या नंतर दोन आठवड्यांनी मोशीत आली, सोसायटीच्या वॉचमननं चिरंजीवांच्या हातात दिली. स्वतःच्या नावाचं टपाल त्याला आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. लेगो तोवर जोडून, मोडून, पलंगाखाली गेली होती.

राहता राहिली उरलेली रक्कम. नोटा परत विकताना खरेदीपेक्षा कमी दर मिळतो, तेव्हा शेवटच्या दिवशी रोख आधी संपवा आणि कमी पडलं तर कार्ड वापरा. फॉरेक्स कार्डात उरलेले रुपयांत फिरवून घ्यायला विसरू नका, काही कार्डांवर बराच काळ व्यवहार झाला नाही तर शुल्क कापत राहतात. परकीय नोटा २,००० अमेरिकी डॉलरांच्या मोलापर्यंत रहिवाशाला घरी ठेवता येतात. त्यावरच्या १८० दिवसांत परत कराव्या लागतात. नाणी चलनवाले घेतच नाहीत, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमात नाण्यांना मर्यादाही नाही, कितीही ठेवा. आमच्याकडे तीन डॉलर चाळीस सेंट उरले. चिरंजीवांनी ती नाणी शाळेच्या बसमध्ये नेली आणि संध्याकाळी एक डॉलरचं नाणं देऊन क्रिकेटपटूंची अकरा कार्डं घेऊन आले. दर कुणी ठरवला ते सांगायला तयार नाहीत.